किल्टवर बेल्ट घालायचा का? सोबत वेस्टकोट पण आहे

क्लाइडकाठी

मंडळी, एक प्रश्न आहे आणि जरा घाईचा आहे. मी ग्लासगोला असतो. ऑफिसमधल्या एका स्कॉटिश मित्राचं पुढच्या शनिवारी स्टर्लिंगजवळ लग्न आहे आणि त्याने आम्हा काही जणांना अशर म्हणून घेतलंय, म्हणजे पाहुण्यांना जागेवर नेऊन बसवायचं वगैरे, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्या घरच्या टार्टनचा (चौकटीच्या लोकरी कापडाचा) किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, घालायचा असं ठरलंय. पोशाख भाड्याने घेतलाय, काल बॉक्स घरी आला. त्यात किल्ट, काळं प्रिन्स चार्ली जॅकेट (समारंभाचं आखूड जॅकेट), त्याच्या आतला तीन बटणांचा वेस्टकोट, बो टाय, साखळीवाली स्पॉरन (किल्टसमोर कमरेला लटकवायची पिशवी), लोकरीचे लांब मोजे, फ्लॅशेस (मोज्यांना लावायच्या रंगीत फिती), लांब नाड्यांचे बूट, किल्टपिन असं सगळं आहे आणि शिवाय एक तीन बोटं रुंद काळा चामड्याचा बेल्ट, त्याचं बकल तर चांगलं तळहाताएवढं आहे.

प्रश्न त्या बेल्टचाच आहे. घालून बघितला तर वेस्टकोटचं शेवटचं बटण बकलवर चढून बसतं, खालची दोन्ही टोकं पुढे येतात आणि बाजूने बघितलं की पोट सुटल्यासारखं दिसतं. बेल्ट काढला तर वेस्टकोट आणि किल्टच्या मधून पांढऱ्या शर्टाची पट्टी दिसते, ते त्याहून वाईट. दुकानवाले म्हणतात सेटमध्येच येतो, सगळे घालतात, घाला बिनधास्त. मुलाचे वडील फोनवर म्हणाले, वेस्टकोट असेल तर बेल्ट नाही, विषय संपला. आता ऐकायचं कुणाचं?

आणि दुसरं म्हणजे रात्री ‘केली’ (ceilidh, म्हणजे स्कॉटिश लोकनृत्याचा कार्यक्रम) आहे, बँड वाजणार, सगळे हात धरून गरागरा फिरणार. बेल्ट नसला तर किल्ट घसरणार नाही ना? मला खरंच काळजी वाटतेय. त्यांचा हा मानाचा पोशाख आहे, त्यांनी आपला माणूस समजून मला घालायला दिलाय, तर तो नीट घालायचाय.

आप्पा_ॲबर्डीन

मुलाचे वडील बरोबर सांगतायत, त्यांचंच ऐका. वेस्टकोट घातला की बेल्ट नाही.

आधी तुमची घसरण्याची भीती घालवतो. किल्टला बेल्टचा आधार नसतोच मुळी. तुमचा किल्ट उघडून बघा, उजव्या बाजूला एक किंवा दोन आणि डाव्या बाजूला एक अशा चामड्याच्या छोट्या पट्ट्या आणि बकलं असतील. आतला पदर उजवीकडून डावीकडे जातो आणि त्याची पट्टी डाव्या बाजूच्या एका फटीतून बाहेर निघून बाहेरच्या बकलात अडकते, मग बाहेरचा पदर त्याच्यावरून येऊन उजवीकडे बंद होतो. सगळा भार या पट्ट्यांवर. उजवीकडे खाली जी दुसरी पट्टी असते ती जरा सैल ठेवायची, ती फक्त पदर नीट बसावा म्हणून असते, तिला करकचून आवळलं तर समोर आडव्या वळ्या पडतात. अंगाचा शिवलेला किल्ट कमरेला अरुंद आणि नितंबांकडे रुंद असतो, मागच्या निऱ्या कमरेपासून नितंबांपर्यंत घट्ट शिवून टाकलेल्या असतात आणि आत कॅनव्हासचं अस्तर असतं, म्हणून तो कमरेवर रुतून बसतो, खाली यायचं म्हटलं तरी येणार कुठून. आठ वारांचा 16 औंसी (दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं वजन) किल्ट म्हणजे नुसतं कापडच पावणेदोन किलोच्या आसपास भरतं, तेवढं वजनसुद्धा त्या पट्ट्या रात्रभर आरामात धरतात. भाड्याचा किल्ट बहुतेक वेळा याहून हलकाच असतो.

आता ती पांढरी पट्टी. तुमचा घोळ बेल्टचा नाहीच, उंचीचा आहे. तुम्ही किल्ट पँटसारखा खाली, म्हणजे कमरेच्या हाडावर बांधत असणार, नवीन माणूस बहुतेक तसाच बांधतो कारण आयुष्यभर पँट तिथेच घातलेली असते. किल्टची जागा बेंबीपाशी आहे. पट्ट्या बेंबीच्या पातळीला आल्या पाहिजेत आणि वरचा काठ त्याच्याही दीडदोन इंच वर, बरगड्यांच्या जवळ. प्रिन्स चार्लीचा वेस्टकोट आखूड कापलेला असतो तो याच हिशोबाने. किल्ट वर घेतला की वेस्टकोट आपोआप त्याच्यावर येतो आणि शर्ट दिसतच नाही. भाड्याच्या सेटमध्ये बेल्ट का देतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, लोक किल्ट खाली बांधतात, मध्ये फट पडते, ती बेल्टने झाकली जाते.

वर घेऊन आरशासमोर उभे राहा आणि खालचा काठ बघा. तो गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा किंचित वर यायला हवा. फार वर गेला तर तो किल्ट तुमच्यासाठी लांबीला कमी आहे, मग सरळ दुकानात जाऊन जास्त लांबीचा बदलून घ्या, अजून वेळ आहे. पण लांबी कमी पडते म्हणून खाली सरकवून बेल्टने झाकायचं, असं कृपया करू नका.

क्लाइडकाठी

आप्पा, मनापासून आभार. आत्ताच वर घेऊन बघितला. ती पांढरी पट्टी गेली!! आणि उभं राहण्याची पद्धतच बदलते हो, पाठ आपोआप ताठ होते. काठ गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला येतोय, चालेल ना? फक्त डावीकडची पट्टी आता शेवटच्या भोकात जातेय, जेवणानंतर काय होईल ते बघावं लागेल.

आप्पा_ॲबर्डीन

वरच्या कडेला चालेल, उत्तम. शेवटच्या भोकाचं मात्र दुकानात सांगा, एक माप मोठा घ्या. जेवण आहे, नाच आहे, दिवसभर अंगावर ठेवायचाय. आणि पुढच्या वेळी माप देताना पँटचा आकडा सांगू नका, टेप बेंबीवरून फिरवून जे येईल ते सांगा, बऱ्याच जणांचं ते पँटपेक्षा दोनतीन इंचांनी जास्त भरतं.

पाइपबँडवाला

आप्पांशी सहमत, पण एक सांगतो, नाहीतर लोक समजतील की बेल्ट म्हणजे चूकच. बेल्टला त्याच्या जागा आहेत आणि त्या जागी तो झकास दिसतो.

मी डंडीजवळच्या एका पाइप बँडमध्ये (बॅगपाइप आणि ड्रमचा बँड) ड्रम वाजवतो. उन्हाळ्यात स्पर्धांना आम्ही शर्ट, टाय आणि वेस्टकोट घालतो, तेव्हा बेल्ट नसतो. वेस्टकोट नाही, नुसता शर्ट आणि किल्ट असला की बेल्ट हवाच, नाहीतर किल्टचा वरचा काठ, त्या पट्ट्या, ती छोटी बकलं सगळं उघडं पडतं आणि पोशाख अर्धा राहिल्यासारखा वाटतो. आणि लष्करी थाटाचा पूर्ण पोशाख असतो ना, उंच टोपी, खांद्यावरून प्लेड (टार्टनचं लांब कापड), त्यात डब्लेट (अंगाला घट्ट बसणारा कोट) घालतात आणि बेल्ट त्या डब्लेटच्या बाहेरून बांधतात. तिथे बेल्ट झाकायचा प्रश्नच नाही, तो दाखवायचाच असतो. मोंट्रोज डब्लेट म्हणून गळ्यापर्यंत बंद असणारा एक प्रकार आहे, त्याच्यावरही बेल्ट बाहेरून. छातीवर नाड्या असलेला तो सैल जॅकोबाइट शर्ट घातला तरी बेल्ट हवा.

म्हणजे कमरेवर काय येतंय ते बघायचं. कमर वेस्टकोटने झाकली जात असेल तर बेल्ट काढा, उघडी राहत असेल तर घाला. दिवसाचं ट्वीड जॅकेट असेल आणि आत वेस्टकोट नसेल तर तिथे दोन्ही चालतं, मी घालतो. फक्त चामड्याचा रंग सांभाळा, स्पॉरन तपकिरी तर बेल्ट आणि बूट तपकिरी, काळी तर सगळं काळं. बकलचा धातू पण स्पॉरनच्या साखळीशी जुळलेला बरा.

आणि ड्रमचं निघालंच आहे म्हणून, बकलवर ड्रमची कड घासून पडलेले ओरखडे आमच्याकडे प्रत्येकाच्या बेल्टवर आहेत, चांगलं नक्षीचं बकल असेल तर वाजवताना घालू नये.

लीथकर

मी थोडं वेगळं बोलतो. हे "वेस्टकोट असेल तर बेल्ट नाही" वगैरे नियम नक्की केले कुणी? मुळात किल्ट म्हणजेच बेल्टचा पोशाख आहे. जुना मोठा किल्ट घ्या, सोळाव्या सतराव्या शतकापासूनचा. तो शिवलेला नव्हताच, लांबच लांब लोकरी कापड. बेल्ट खाली जमिनीवर ठेवायचा, त्याच्यावर कापड पसरून मधल्या भागाच्या निऱ्या घालायच्या, त्याच्यावर आडवं व्हायचं, दोन्ही बाजूंचे पदर अंगावर घ्यायचे, बेल्ट आवळायचा आणि उठून उभं राहायचं. कमरेखाली किल्ट तयार, वरचा अर्धा भाग खांद्यावर टाकून पिनेने अडकवायचा, पाऊस आला तर डोक्यावरून घ्यायचा. रात्री बेल्ट सोडला की तेच पांघरूण. बेल्ट नसेल तर त्या पोशाखात उरतं काय? नुसतं कापड.

नंतर अठराव्या शतकात फक्त खालचा भाग ठेवून छोटा किल्ट आला. इन्व्हरगॅरीला लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रजाने तो काढला असं सांगितलं जातं, पण त्यावर जोरदार वाद आहे आणि मला स्वतःला ते पटत नाही, इतकी सोपी गोष्ट हायलँडमधल्या (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या) कुणाला आधी सुचली नसेल हे शक्य वाटत नाही. तोही सुरुवातीला बेल्टनेच बांधत. मग 1746 मध्ये कलोडनची लढाई झाली, तिथे जॅकोबाइट बंड मोडलं, त्याच वर्षी कायदा आला आणि ऑगस्ट 1747 पासून पुरुषांनी हायलँडचा पोशाख घालायला बंदी, सैन्यातले सोडून. ती उठली 1782 मध्ये. निऱ्या शिवून टाकलेला किल्ट त्याच्यानंतरचा आहे. आणि प्रिन्स चार्ली जॅकेट तर पार विसाव्या शतकातलं! मग विसाव्या शतकातल्या जॅकेटसाठी जुन्या काळचा बेल्ट का काढायचा? मला बेल्ट आवडतो, बकल आवडतं, मी वेस्टकोटबरोबर पण घालतो आणि आजवर कुणी मला हाकलून दिलेलं नाही. इथल्या कुठल्याही लग्नात जा, निम्मी मंडळी तशीच दिसतील.

आप्पा_ॲबर्डीन

लीथकर, इतिहास बरोबर सांगितलात आणि चांगला सांगितलात, पण तुमचाच इतिहास माझ्या बाजूने बोलतोय. त्या काळी बेल्ट हे काम होतं. कापड धरून ठेवणं हे त्याचं काम. निऱ्या शिवल्या, पट्ट्या आल्या, तेव्हा ते काम संपलं. आता उरला दागिना, आणि दागिना दिसेल अशा जागी घालावा. वेस्टकोटच्या खाली दाबून ठेवला तर तो धड दिसतही नाही आणि वरचं कापड बिघडवतो. क्लाइडकाठी यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ना, शेवटचं बटण बकलवर चढतं, टोकं पुढे येतात. हा नियम कुणी कागदावर लिहिला म्हणून नाही झालेला, शिंप्याने वेस्टकोट सपाट पोटासाठी कापलाय, त्याच्याखाली धातूचा तळहाताएवढा तुकडा घातला की तो बसणार नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

हाकलून कुणीच देणार नाही, मान्य. स्कॉटिश माणूस याबाबतीत दिलदार आहे, परक्या माणसाने किल्ट घातला याचाच त्यांना आनंद होतो. पण म्हणूनच आपण नीट घालावा असं मला वाटतं. समोरचा काही बोलत नाही म्हणजे त्याला दिसत नाही असं नसतं. मुलाच्या वडिलांनी तर स्पष्ट सांगितलंय.

लीथकर

ठीक आहे, वडिलांनी सांगितलंय म्हणून या लग्नापुरतं मान्य. बकल वेस्टकोटच्या कापडाला घासतं हेही खरं आहे, माझ्या वेस्टकोटला आतून चकाकी आलीये. पण एक सांगा, रात्री केलीत नाच सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांची जॅकेटं खुर्चीवर जातात आणि दोन गाण्यांनंतर वेस्टकोट पण. तेव्हा काय करायचं? तेव्हा तर बेल्ट नसेल तर पाइपबँडवाले म्हणतात तसं अर्धवटच दिसणार ना.

पाइपबँडवाला

हा मुद्दा बरोबर आहे. यावर उपाय आहे आणि बरेच जण तो करतात, बेल्ट बरोबर न्यायचा, गाडीत किंवा कोटाच्या पिशवीत ठेवायचा. समारंभ, फोटो, जेवण, भाषणं होईपर्यंत वेस्टकोट आणि बेल्ट नाही. नाच सुरू झाला, वेस्टकोट काढला, की बेल्ट चढवायचा. हल्ली बहुतेक बेल्ट आतून वेल्क्रोचे असतात, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याचं माप आधीच घरी लावून ठेवा, किल्टवरून, शर्टवर नाही.

आणि नाचताना बेल्टपेक्षा स्पॉरनकडे लक्ष द्या. साखळीवाली सणासुदीची स्पॉरन जड असते, स्ट्रिप द विलो या नाचात जोरात फिरलात की ती उडते आणि नको तिथे लागते, किंवा समोरच्या बाईला लागते. तिला फिरवून बाजूला, नितंबावर घ्यायची. सगळे तेच करतात, कुणी काही म्हणत नाही. एरवी ती समोर, वेस्टकोटच्या खालच्या काठाखाली तीनचार बोटं अंतर सोडून. फार खाली लोंबकळत ठेवू नका, चालताना गुडघ्यांच्या तालावर आपटत राहते.

मृण्मयी_फाइफ

बायकांनी यात बोलू का माहीत नाही पण बोलते, कारण आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवऱ्याला, दिराला आणि सासऱ्यांना किल्ट नेसवायचं काम माझ्याकडेच असतं. सासरचे सगळे इथलेच, फाइफचे.

दादा, तुम्ही एकटे नाही आहात, तुम्ही अशर आहात आणि बरेच जण आहात. तुम्ही बेल्ट काढला आणि बाकीच्यांनी घातला, किंवा उलट झालं, तर फोटोत तेच पहिलं डोळ्यात येईल. सगळ्यांचे सेट एकाच दुकानातून आले असतील तर सगळ्यांच्या बॉक्समध्ये बेल्ट असणार आणि सगळे घालून येणार. म्हणून आजच सगळ्यांना मेसेज टाका किंवा मुलाला टाकायला सांगा, की वडिलांनी सांगितलंय, वेस्टकोट आहे तोवर बेल्ट नाही, आणि किल्ट बेंबीपाशी. दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं बरं का. एकाचा किल्ट वर आणि एकाचा खाली असला की ओळीत उभं केल्यावर काठ खालीवर दिसतात, ते बेल्टपेक्षा जास्त खटकतं.

आणि एक गोष्ट हमखास चुकते ती सांगून ठेवते. किल्टपिन फक्त बाहेरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचायचे नाहीत. पदर मोकळा राहायला हवा, नाहीतर नाचताना ओढ बसून कापड फाटतं आणि भाड्याच्या किल्टला फाटलं की ते पैसे लावतात. बसताना मागच्या निऱ्या हाताने खालून सपाट करून बसायचं, नाहीतर जेवणानंतर उठाल तेव्हा मागे चुरगळलेलं दिसेल.

अजून एक. पट्ट्या लावताना दुसऱ्या कुणालातरी मागून बघायला सांगा, मागच्या निऱ्यांच्या मधोमध जी रेघ येते ती बरोबर पाठीच्या कण्यावर आली पाहिजे. एकटं बांधलं की ती हमखास सरकते. दीर दर वेळी म्हणतो जमलं मला, आणि दर वेळी मला फिरवून द्यावं लागतं.

क्लाइडकाठी

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मृण्मयीताई, मेसेज टाकला. दोघांचे लगेच उत्तर आले की आम्ही पण पँटच्याच जागी बांधून बघत होतो. मुलाला पण फोन केला, तो म्हणाला बाबांचा शब्द अंतिम आणि स्वतः तो पण बेल्ट घालणार नाहीये. वेस्टकोट निघाल्यावर ज्याला घालायचा त्याने घालावा असं ठरलं. किल्ट उद्या दुकानात जाऊन एक माप मोठा बदलून आणतो.

एक शेवटचं विचारतो. किल्टच्या मागच्या बाजूला वरती दोन लूप आहेत, ते बेल्टसाठीच असतील असं मी धरून चाललो होतो. बेल्ट नसेल तर ते रिकामे ठेवायचे का?

आप्पा_ॲबर्डीन

नाही, त्यातून स्पॉरनचा पट्टा घ्या. साखळी बाजूला येते आणि मागे चामड्याचा तुकडा असतो, तो लूपमधून गेला की स्पॉरनच्या वजनाने पट्टा मागे खाली घसरत नाही. सगळे असंच करतात असं नाही, काहीजण लूप रिकामे ठेवून पट्टा त्याच्या खालून, नितंबांवरून घेतात, पण भाड्याच्या सेटमधली साखळी बहुतेक वेळा लांब असते तेव्हा लूपमधून घेतलेली बरी. रात्री बेल्ट चढवाल तेव्हा तो लूपमध्ये घालू नका, लूपच्या वरून जाऊ द्या, दोन्ही एकात कोंबले की मागे गठ्ठा होतो. आणि नाचताना स्पॉरन बाजूला फिरवायची असेल तेव्हा पट्टा लूपमधून काढावा लागेल, नाहीतर ती फिरणारच नाही, ते नाच सुरू व्हायच्या आधीच करून घ्या.

पाइपबँडवाला

आणि बदलून आणताना दुकानातच घालून बघा, घरी येऊन नाही. बुटांसकट, मोज्यांसकट. मोज्याची वरची घडी गुडघ्याच्या खाली तीनचार बोटं यायला हवी, तिथे आणि किल्टच्या काठात अंतर नीट दिसतंय का ते उभं राहूनच कळतं. बुटांच्या लांब नाड्या घोट्याच्या वर एकदोन वेढे देऊन पुढे गाठ मारा, पार पोटरीपर्यंत चढवू नका.